आधी ऐकवा, मग विका: लाउडस्पीकरच्या आयातदारांना सांगलीहून खुलं पत्र

प्रति,
परदेशी हाय-एंड लाउडस्पीकर भारतात आणणारे आयातदार, त्यांचे वितरक आणि पुण्या-मुंबईतल्या शोरूमचे चालक यांस

विषय: पुण्याच्या दक्षिणेलाही कान असतात, याबाबत

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एकाच्या कचेरीतून मला चार ओळींचा मेल आला. माझा प्रश्न साधा होता. तुमच्याकडचे टॉवर स्पीकर घ्यायचा विचार आहे, ते सांगलीत, निदान कोल्हापुरात, कुठे ऐकायला मिळतील का? उत्तर आलं की पुणे सोडून पश्चिम महाराष्ट्रातले डेमो आता बंद केले आहेत. ऐकायचं असेल तर मुंबईला यावं. येण्याआधी किमतीचा चौथा हिस्सा अनामत भरावा. खरेदी केली तर तो वळता होईल, नाही केली तर परत मिळणार नाही. आणि शेवटी, बहुधा माझी समजूत घालायला, एक वाक्य होतं: 'आपल्या पिनकोडमध्ये या श्रेणीच्या उत्पादनांना मागणी नाही.'

आमचा पिनकोड ४१६४१६. तेच तीन आकडे दोनदा, पाठ करायला सोपा. तरी तुमच्या यादीत तो बसत नाही.

मी मेलला उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग वाटलं, हे एकाच कंपनीला लिहून उपयोग नाही. गेल्या आठ-दहा वर्षांत तुमच्यापैकी चौघांशी माझा पत्रव्यवहार झाला आणि चौघांचा सूर एकच निघाला. म्हणून हे उघड्यावर. कुणाचंही नाव घेत नाही. ज्याचं त्याला कळेल.

आधी मी कोण ते सांगतो. मी सांगलीत हळदीच्या पेठेत एका अडतदुकानात हिशेब लिहितो. जन्म मिरजेचा. वडील मिरज जंक्शनला रेल्वेत होते आणि आमची खोली सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. शाळा सुटली की मी घरी न जाता एका कारखान्याच्या उंबऱ्यावर बसायचो. कारखाना म्हणजे काय, दहा बाय बाराची खोली, आत भोपळे टांगलेले, तुणीच्या लाकडाचा भुसा, आणि मांडीवर तंबोरा घेतलेला एक म्हातारा कारागीर. ते जवारी काढायचे, म्हणजे तारांना झणकार यावा म्हणून तारांखालची घोडी घासून घडवायचे. घोडीवर कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं. पुन्हा कानस, पुन्हा तार. मग तारेखाली दोरा सरकवायचा, केसभर पुढे, केसभर मागे. एकदम कुठेतरी तो आवाज उमलायचा. म्हातारा काही बोलायचा नाही, फक्त माझ्याकडे बघायचा. मला कळलं की नाही, हे तो बघत असावा.

माझं ऑडिओचं शिक्षण तेवढंच. पुढे मासिकं वाचली, मायक्रोफोन घेऊन मोजमापंही केली, पण कान तयार झाला तो त्या उंबऱ्यावर.

तुमच्यापैकी बरेच जण सांगलीला भडंग आणि महापुरापलीकडे ओळखत नसतील, म्हणून थोडं सांगतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते या गावात. शेजारच्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. १९३७ साली ते गेले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. तिथे दर वर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते, लोक रात्र-रात्र जमिनीवर बसून ऐकतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या पाच लाखांच्या वर होती. या पाच लाखांत चांगला स्पीकर हवा असणारा एकही माणूस नाही, असं तुमचं म्हणणं असेल तर ते कशावरून ठरवलंत? विचारायला तर कुणी आलं नव्हतं. आणि जो विचारायला आला, त्याला तुम्ही मागणी नाही म्हणून कळवलंत.

आता तक्रारी. क्रमानं मांडतो, पण सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली आणि सगळ्यात मोठी: तुम्ही आम्हाला ऐकू देत नाही.

२०१७ च्या दिवाळीनंतर मी माझी सध्याची जोडी घेतली. बुकशेल्फ, म्हणजे छोटे स्पीकर, साडेसहा इंची वूफर (खालचे स्वर वाजवणारा), मागे पोर्ट (खोक्यातली हवा बाहेर सोडणारं भोक). त्यासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून मुंबईला गेलो. शोरूम उत्तम होती. खाली जाड गालिचा, भिंतींवर कापडी पॅनल, कोपऱ्यांत शोषक, एसीचा गारवा. मला पंचवीस मिनिटं मिळाली. त्यातली पंधरा त्यांच्या गाण्यांत गेली: एक परदेशी बाई गिटारवर हळू आवाजात गाते, मग एक ढोलांचा तुकडा, मग काच फुटल्याचा आवाज. काच फुटल्याचा आवाज मी विकत घेणार नव्हतो. मी पेन ड्राइव्हवर तंबोरा घेऊन गेलो होतो, काळी एक पट्टीत लावलेला, आमच्याच ओळखीच्या कारागिराकडे ध्वनिमुद्रित केलेला. तो लावा म्हटल्यावर तिथला मुलगा हसला आणि म्हणाला, 'सर, यात काही होतच नाहीये.'

यात काय होतं, ते इथे सांगतो. काळी एकचा जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, साधारण १३९ हर्ट्झवर असतो आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास. जवारी नीट असली की खर्जाच्या तारेतून नुसता खर्ज येत नाही, त्याच्यावर स्वरांचा अख्खा जिना उभा राहतो. त्यातला पाचवा, ३४६ हर्ट्झच्या जवळचा, म्हणजे स्वयंभू गांधार. तो कुणी छेडलेला नसतो, तरी ऐकू येतो. स्पीकरचा खर्ज पोकळ असेल, वूफर आणि उंच स्वर वाजवणारा ट्वीटर यांचा सांधा खडबडीत असेल किंवा खोक्याची भिंत स्वतःच गुणगुणत असेल, तर तंबोऱ्यात ते दहा सेकंदांत उघडं पडतं. ढोल सगळ्याच स्पीकरवर बरा वाजतो.

मुलाने अखेर तंबोरा लावला. त्या खोलीत तो सुरेख वाजला. मी पैसे भरले.

घरी आणून लावला आणि खर्ज फुगला. गायक बाजूला राहिला, खोलीच 'हूं हूं' करायला लागली. मला वाटलं मी फसलो. फसलो नव्हतो, स्पीकर चांगलाच होता. चूक खोलीची होती, आणि खोलीचा विचार मला कुणी करायलाच दिला नव्हता.

आमचं घर गावभागात. जुना वाडा पाडून स्लॅबचं बांधलेलं. नऊ इंची विटांच्या भिंती, खाली शहाबादी फरशी. खोली पंधरा फूट बाय बारा, उंची दहा फूट. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर धरला तर या खोलीच्या लांबीचा पहिला मोड, म्हणजे ज्या कंप्रतेला खोली स्वतःच घुमते ती, ३८ हर्ट्झच्या जवळ येतो, रुंदीचा ४७, उंचीचा ५६. लांबी आणि उंची मिळून जो होतो तो ६८ च्या आसपास. आणि खर्ज ६९ वर! परदेशात बरीच घरं लाकडी चौकटीची, प्लास्टरबोर्डाच्या भिंतींची असतात. तिथे बास (खालचा आवाज) थोडा भिंतीत मुरतो, थोडा बाहेर निसटतो. आमच्या विटा आणि स्लॅब त्याला कुठे जाऊच देत नाहीत. तो तिथल्या तिथे येरझाऱ्या घालत बसतो. वरून शहाबादी फरशीवरून उंच स्वर उसळतात ते वेगळंच. म्हणून ज्या स्पीकरला तिकडचे समीक्षक 'जिवंत आणि मोकळा' म्हणतात, तो आमच्याकडे हार्मोनियमला पत्र्याचा डबा करून सोडतो.

मी काय काय केलं ते सांगितलं तर तुम्ही हसाल. पोर्टमध्ये पायमोजा कोंबला. स्पीकर भिंतीपासून अडीच फूट पुढे ओढले, तेव्हापासून घरात आल्यागेल्याला वळसा घालून जावं लागतं. गादीवाल्याकडून कापूस भरून दोन उभे लोड शिवून घेतले आणि कोपऱ्यांत ठेवले. मागच्या भिंतीवर आईची वाकळ टांगली. आई म्हणाली, 'वाळत घालायला गच्ची कमी पडली काय?' पण वाकळीनं फरक पडला. सगळं होऊन खर्ज आता जाग्यावर आहे. या खटाटोपात आठ महिने गेले. हेच स्पीकर दोन दिवस माझ्या खोलीत ठेवायला मिळाले असते, तर एक तर मी वाकळ आधी टांगली असती किंवा बंद खोक्याची दुसरी जोडी घेतली असती.

म्हणून तुमच्या शोरूममधल्या पंचवीस मिनिटांना मी ऐकणं म्हणत नाही. मिरजेत तंबोरा घ्यायला गेलात तर कारागीर चार तंबोरे मांडीवर देतो, चहा सांगतो, आणि तुम्ही कोणत्या पट्टीत गाता ते विचारतो. पट्टी विचारल्याशिवाय तो तंबोरा दाखवत नाही. तुमच्यापैकी कुणीही आजवर मला माझ्या खोलीचं माप विचारलेलं नाही. माझं बजेट मात्र पहिल्या फोनला विचारलं.

दुसरी तक्रार दुरुस्तीची. ही अनुभवाची आहे, म्हणून तपशील देतो.

वॉरंटी कागदावर पाच वर्षांची होती. चौथ्या वर्षी डाव्या बाजूचा ट्वीटर गेला. कळवलं. उत्तर आलं की स्पीकर मूळ खोक्यात, मूळ थर्मोकोलसह, स्वतःच्या खर्चानं मुंबईला पाठवावा, मूळ खोका नसल्यास वॉरंटी लागू नाही. आता ऐका. मूळ खोका मी जपून ठेवला होता, तळमजल्यावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आमच्या तळमजल्यात शिरली. स्पीकर वर होते म्हणून वाचले, खोक्याचा लगदा झाला. हे मी लिहून कळवलं, चिखलाचा फोटोही जोडला. त्यावर 'नियमात अपवाद करता येत नाही' एवढंच आलं. शेवटी सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घेतली, आत जुन्या गोधड्या भरल्या आणि ट्रान्सपोर्टनं पाठवला. तीन आठवडे वाद घातल्यावर तो स्वीकारला गेला आणि पाच महिन्यांनी परत आला. नवा ट्वीटर बसवला होता, पण नंतरच्या बनावटीचा. उजवीकडे जुना, डावीकडे नवा. डावीकडून तंबोरा जरा कोरडा लागायचा. मायक्रोफोन लावून मोजलं तर वरच्या टोकाला दोन डेसिबलचा फरक दिसला. दुसराही बदलून द्या म्हटलं तर म्हणाले, तो चालू आहे.

जोडी या शब्दाचा अर्थ मी तुम्हाला समजावून सांगायचा का?

गंमत म्हणजे सांगली-मिरजेत स्पीकर दुरुस्त करणारे हात आहेत. गणपतीच्या मिरवणुकीत ज्या भिंती उभ्या राहतात, त्यातले बेस आणि टॉप दर वर्षी जळतात आणि दर वर्षी इथेच कॉइल भरून, कोन बदलून पुन्हा उभे राहतात. (त्या भिंतींबद्दल माझं मत वेगळं आहे, गणपतीचे दहा दिवस मी खिडक्या लावून घेतो. पण त्या पोरांच्या हातात कसब आहे, ते नाकारून चालणार नाही.) तुमच्या ट्वीटरचा नाजूक घुमट त्यांनी उघडावा असं मी म्हणत नाही. पण मूळ सुटा भाग त्यांच्यापैकी एखाद्याला दिलात, कुठला स्क्रू किती आवळायचा हे शिकवलंत, तर ट्वीटर बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. त्यासाठी बारा-पंधरा किलोचा खोका पावणेचारशे किलोमीटर न्यावा लागत नाही.

तिसरी, किंमत. तुमच्या संकेतस्थळांवर किमतीच्या जागी 'चौकशी करा' लिहिलेलं असतं. चौकशी केली की आकडा माणूस बघून सांगितला जातो. मला आणि माझ्या पुण्यातल्या मेहुण्याला एकाच आठवड्यात एकाच जोडीचे दोन वेगळे भाव मिळाले. सांगलीचा भाव जास्त, वर वाहतूक वेगळी. आयात केलेल्या पॅकबंद मालावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापलेली असावी, असं वैधमापनाचे २०११ चे पॅकेजिंग नियम सांगतात. म्हणजे आकडा खोक्यावर असायलाच हवा. मग तो पडद्यावर दाखवायला लाज कसली? आयात शुल्क, जीएसटी, जहाजाचं भाडं, तुमचा नफा, हे सगळं आम्हाला समजतं. मी आयुष्यभर अडतीचे हिशेब लिहिले आहेत. हळदीच्या सौद्यात भाव सगळ्यांसमोर फुटतो. वजन, तूट, हमाली, तोलाई वेगवेगळी लिहिली जाते आणि शेतकरी पट्टी वाचून सही करतो. तुमचा भाव फोनवर कुजबुजला जातो.

चौथी छोटी आहे. कागदावरचे आकडे पुरते द्या. 'आठ ओहम' लिहून मोकळे होता, पण असा स्पीकर काही कंप्रतांवर तीन-साडेतीन ओहमपर्यंत खाली जात असेल तर साध्या ॲम्पला घाम फुटतो. किमान इम्पीडन्स, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा कमीत कमी विरोध, लिहा. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेवर किती आवाज निघतो, ती खोलीत मोजली की उघड्यावर, ते लिहा. तीन डेसिबल वाढवायला दुप्पट वॅट लागतात. ८४ आणि ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरांमध्ये चौपट वॅटचा फरक पडतो, आणि तो ॲम्पच्या पैशांत मोजावा लागतो.

इथे कुणी म्हणेल, ज्याला आपल्या गावात मिळत नाही त्यानं लोकांची मतं वाचून मागवावं, आजकाल सगळं घरपोच येतं. मतांबद्दल माझं मत सांगतो.

मतं खोटी नसतात, पण ती कुणाच्या तरी खोलीतली असतात. पुण्यात एका मित्राकडे जुने एलएस थ्री फाइव्ह ए आहेत. बीबीसीनं १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या छोट्या गाड्यांत बसून आवाज तपासायला केलेला हा चिमुकला स्पीकर. त्यावर किशोरीताईंचा आवाज ऐकला आणि मी बराच वेळ बोललो नाही. इतका माणसासारखा आवाज मी दुसऱ्या स्पीकरवर ऐकलेला नाही. पण खर्ज? खर्जाचा फक्त भास. वरच्या बासला थोडी उभारी दिली आहे, म्हणून कान फसतो आणि फसून घेतो. गायन ऐकणाऱ्याला हे चालेल, पखवाज ऐकणाऱ्याला नाही. हार्बेथसुद्धा त्याच घराण्यातला. बीबीसीतून बाहेर पडलेल्या डडली हारवूड यांनी १९७७ मध्ये सुरू केलेला. पातळ भिंतीचं खोकं, गळ्याला मऊ. माझ्या कानाला तो हार्मोनियमशी सगळ्यात समजुतीनं वागतो. क्लिपशहॉर्नचं उलट. १९४६ पासूनचा हा भोंगा खोलीचे दोन कोपरे स्वतःचाच भाग म्हणून वापरतो. ऐकताना अंगावर काटा येतो, पण आमच्या घरात दोन मोकळे कोपरे कुठून आणू? एकात दार आहे, एकात देव्हारा. क्वाडच्या १९५७ च्या इलेक्ट्रोस्टॅटिकवर (विद्युतभारित पातळ पडद्यानं वाजणारा स्पीकर) मी एकदाच तंबोरा ऐकला, आणि तिथे तो गांधार असा उभा राहिला की मला त्या उंबऱ्यावरचा भुशाचा वास आला. त्याला मागे भरपूर जागा लागते आणि बेताचाच आवाज जमतो. केईएफनं १९८८ मध्ये वूफरच्या मध्यावर ट्वीटर बसवण्याची युनी-क्यू रीत आणली. बाजूला सरकून बसलं तरी आवाज बिघडत नाही, त्यामुळे चौघांनी मिळून ऐकायच्या आमच्यासारख्या घरात ती सोयीची. एका माणसानं मधोमध खुर्ची टाकून बसायची ऐश आमच्याकडे कुणाला परवडते!

आता या ओळी वाचून साताऱ्यातल्या कुणी हार्बेथ मागवले आणि त्याची खोली गालिचा, पडदे, सोफे यांनी भरलेली असली, तर त्याला ते सुस्त वाटतील आणि तो मला शिव्या देईल. दोघंही खरेच असू. मतांवर माल विकण्याची सोय तुमची आहे, जोखीम आमची.

देशी स्पीकर घ्या, असंही काही जण सांगतात. घेतलेच आहेत. कोलकात्याच्या सोनोडाइनची एक जोडी माझ्या भावाकडे वर्षानुवर्षं वाजते आहे. पुण्याच्या कॅडेन्सनं तर हायब्रिड इलेक्ट्रोस्टॅटिक (पडद्याला साध्या वूफरची जोड दिलेले) करून दाखवले, म्हणजे इथून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर. हे काम बघितलं की तुमच्यावर अवलंबून राहावं लागू नये असंच वाटतं. पण माझा प्रश्न देशी-परदेशीचा नाही. जो कुणी तीन-चार लाखांची वस्तू विकतो, त्यानं ती आधी ऐकवावी, एवढाच आहे.

तुमची बाजू मला अगदीच दिसत नाही असं नाही. वर्षाला एखादी जोडी खपणाऱ्या गावात शोरूम चालत नाही, हा हिशेब मलाही येतो. डेमोच्या जोड्या फिरवल्या की पॉलिशवर ओरखडे येतात. काही लोक नुसतं ऐकून जातात आणि दुबईहून आणवतात, तेही खरं. पण त्याचा दंड सगळ्यांना बिनपरतीच्या अनामतीचा? पेठेत एका शेतकऱ्यानं ओली हळद आणली म्हणून उद्यापासून कुणाचं पोतंच उघडून बघायचं नाही, असं कुठला अडत्या करत नाही. उलट तो हात आणखी खोल घालतो.

तर मागण्या. जास्त नाहीत.

वर्षातून दोनदा, दोन-दोन दिवस, तुमच्या तीन-चार जोड्या सांगलीत आणि साताऱ्यात आणा. शोरूम नको, एखादी साधी खोली घ्या, विटांची, फरशीची, आमच्यासारखी. गालिचा मुद्दाम आणू नका. लोकांना आपापली गाणी लावू द्या.

ज्याला खरंच घ्यायचं आहे त्याला जोडी दोन रात्री घरी द्या. त्यासाठी अनामत घ्या, जरूर घ्या, पण माल धड परत आला तर पूर्ण परत करा. येण्याजाण्याचं भाडं मी भरायला तयार आहे.

वॉरंटीतून मूळ खोक्याची अट काढा. सुरक्षित बांधणी कशी करायची त्याचं एक पान छापा, तेवढं पुरे. निदान महापूर येणाऱ्या जिल्ह्यांसाठी तरी काढा. सांगलीत तळमजल्यावर पुठ्ठा जपून ठेवा, असं सांगणाऱ्यानं आधी आयर्विन पुलावर उभं राहून नदी बघावी.

ट्वीटर किंवा वूफर बदलाल तर जोडीनं बदला, किंवा जुळवून, मोजून, मोजणीचा कागद सोबत द्या. सुटे भाग मॉडेल बंद झाल्यावर किती वर्षं मिळतील ते विक्रीच्या वेळीच लिहून द्या. कोल्हापूर-सांगली भागात एका कारागिराला अधिकृत दुरुस्तीसाठी तयार करा.

किंमत संकेतस्थळावर लिहा. पुण्याला जी, तीच सांगलीला. वाहतूक वेगळी लावायची तर पावती दाखवून लावा.

आणि 'या पिनकोडमध्ये मागणी नाही' हे वाक्य तुमच्या मेलच्या नमुन्यातून काढून टाका.

यातलं काय जमेल आणि काय नाही, ते येत्या दसऱ्यापर्यंत कळवा. 'जमणार नाही' असं उत्तर आलं तरी चालेल, पण कारण लिहून यावं. ते मी इथेच, तुमचं नाव न घेता, जसंच्या तसं टाकीन. सांगली, मिरज, इस्लामपूर, कराड, सातारा इथल्या ज्यांना असेच अनुभव आले असतील त्यांनीही आपल्या खोलीचं माप, घेतलेली जोडी आणि दुरुस्तीला लागलेले महिने लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी मागणी आहे की नाही हा प्रश्न निघाला, तर ती यादी पुढे करता येईल.

आपला,
४१६४१६ मधला एक ग्राहक

ता. क. तुमच्यापैकी कुणी खरोखर येणार असाल तर एक सांगून ठेवतो. आमचा जिना अरुंद आहे आणि मधे वळतो. तुमचा टॉवर पस्तीस किलोचा आहे, असं कागदावर वाचलं. माणसं आणू नका, हमाल मी पेठेतून बोलावून ठेवीन. ते त्याहून जड पोती पाठीवर घेऊन याहून वाईट जिने चढतात. फक्त गुरुवार सोडून या, स्पीकरशी ताडून बघायला मी ज्याचा तंबोरा मागून आणतो, तो त्या दिवशी रियाझाला बसतो आणि तंबोरा मागायला मला तोंड राहत नाही.